शक्तीचें माप

प्रस्तुत लेखाचा विषय पाहून आमच्या कांहीं वाचकांस नवल वाटेल. काव्य, नाटक, इतिहास आणि तत्त्वविचार यांच्या पंक्तीस मोटारीच्या एंजिनाचा एखादा भाग आणून बसविणें हें औचित्यास सोडून आहे, असाहि आक्षेप कोणी घेईल. परंतु नीतीचे प्रश्न केवळ ग्रंथांतच उद्भवतात असें नाहीं. पुष्कळदां ते आपल्याच ओसरीवर येऊन उभे राहतात. आमच्याकडे असाच एक प्रश्न मध्यंतरीं एका रविवारीं आला.

आमच्या घरोब्यांतील एक तरुण आहे. यंत्रविद्येचा पदवीधर, हाताचा कसबी आणि मोटारींचा विलक्षण नादी. आम्ही त्या शास्त्रांतले तज्ज्ञ नव्हों. पण असल्या यंत्रांचा इतिहास वाचण्याची आम्हांस हौस आहे, हें त्यास ठाऊक. आपल्या मोटारीस अधिक शक्तीचा टर्बोचार्जर बसवावा असें त्याच्या मनांत होतें, आणि दोन टर्बोचार्जरांचे नकाशे पुढ्यांत पसरून यांतला मोठा घ्यावा कीं धाकटा, असें तो विचारीत होता. "काका, मोठाच घेतों," तो म्हणाला, "पुढें कमी पडायला नको." मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवण्याची आपल्या घरांतली जुनी चालच जणूं त्याच्या तोंडून बोलत होती. आम्हीं विचारलें, "महिन्यांतून किती वेळां तूं ही गाडी पुऱ्या जोरानें हांकणार?" तो क्षणभर थांबला आणि हंसून म्हणाला, "खरें सांगूं? आपल्या रस्त्यांवर एकदांहि नाहीं." या उत्तरांत जो प्रामाणिकपणा होता, त्याचाच विचार येथें कर्तव्य आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊं. एंजिनाची शक्ति मुख्यतः तें किती हवा आंत घेऊं शकतें यावर ठरते. एक किलो पेट्रोल पुरतें जळावयास सुमारें पंधरा किलो हवा लागते. पेट्रोल अधिक ओतणें सोपें आहे. हवा अधिक भरणें कठीण. हें कठीण काम टर्बोचार्जर करतो. एंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर एक चक्र फिरवितो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोंकास बसविलेलें चक्र बाहेरची हवा दाबून एंजिनांत कोंबतें. मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या या जोडचक्रास निराळें इंधन लागत नाहीं; जें वायां जात होतें त्यावरच तें पोसलें जातें.

या यंत्राच्या इतिहासांत माणसाच्या हेतूचीं तीन रूपें आढळतात. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस एंजिनियरानें १९०५ सालीं या कल्पनेचें पेटंट घेतलें, तेव्हां धुराबरोबर निघून जाणारी उष्णता कामीं लावावी, ही त्याची दृष्टि होती. पुढें १९१८ सालीं अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस यानें एक विमानाचें एंजिन पाइक्स पीक या सुमारें चौदा हजार फूट उंचीच्या शिखरावर नेऊन चालविलें. समुद्रसपाटीस ३५० अश्वशक्ति देणारें तें एंजिन तेथील विरळ हवेंत २३० वर आलें होतें. टर्बोचार्जर जोडतांच तें ३५६ देऊं लागलें. येथें हेतु भरपाईचा होता. उंचीनें हिरावून घेतलेलें परत मिळवावयाचें होतें. त्यानंतर शर्यतवाल्यांचा काळ आला, आणि जें मुळांत कधीं आपलें नव्हतेंच तें मिळविण्यासाठीं हेंच यंत्र राबूं लागलें. काटकसर, भरपाई आणि हव्यास असे हे तीन हेतु होत. हव्यास हा शब्द आम्ही निव्वळ निंदेनें योजीत नाहीं. त्यावांचून मनुष्य पुष्कळ गोष्टींस मुकला असता. परंतु पहिल्या दोन हेतूंस त्यांचें माप आपोआप मिळतें. जेवढें वायां जातें किंवा जेवढें हरवलें, तेवढ्यानें त्यांचें समाधान होतें. हव्यासाचें माप मात्र ज्याचें त्यानेंच ठरवावें लागतें.

तें ठरवितांना शास्त्र काय सांगतें? पांचशें अश्वशक्ति हवी असेल तर एंजिनास मिनिटाला स्थूलमानानें साडेबावीस किलो हवा पुरवावी लागते; हा हिशोब कोणासहि करतां येईल. पण प्रत्येक टर्बोचार्जरचा एक नकाशा असतो, आणि त्यांत त्याच्या सुखाचा प्रदेश आंखलेला असतो. त्याहून फार कमी हवा मागितली तर दाबलेली हवा उलटी फिरून यंत्रास आचके बसतात. फार अधिक मागितली तर त्याचा दम कोंडतो आणि हवा केवळ तापते. शिवाय मोठेपणाची किंमत असते ती निराळीच. त्याच घडणीच्या चक्राचा व्यास एकपंचमांशानें वाढविला, तर त्यास गति देण्यास होणारा विरोध जवळ जवळ अडीचपट होतो. म्हणून मोठा टर्बोचार्जर उशीरां जागा होतो. चालक पाय दाबतो, कांहीं घडत नाहीं, आणि मग एकाएकीं सारेंच घडतें. धाकटा तत्काळ हांकेस ओ देतो; पण एंजिन वेगांत आलें कीं तोच धुराची वाट अडवूं लागतो. तात्पर्य, यांतला उत्तम कोणता, या प्रश्नास उत्तरच नाहीं. 'कशासाठीं' हा शब्द जोडल्यावांचून 'उत्तम' या शब्दास अर्थ येत नाहीं.

रेनॉ या फ्रेंच कारखान्यास हा धडा भर मैदानांत शिकावा लागला. १९७७ सालीं सिल्व्हरस्टोन येथें त्यांनीं फॉर्म्युला वन शर्यतींत पहिली टर्बोचार्जरची गाडी उतरविली. इतरांचीं एंजिनें तीन लिटरांचीं, यांचें दीड लिटराचें. गाडी शर्यत पुरी न करतांच थांबली. पुढें ती वारंवार धूर सोडीत थांबूं लागली, तेव्हां तिला 'पिवळी किटली' असें नांव पडलें. एंजिनांत शक्ति नव्हती असें नव्हे; पण ती वळणांतून बाहेर पडतांना वेळेवर येत नसे. १९७९ सालीं त्यांनीं एका मोठ्या टर्बोचार्जरऐवजीं दोन धाकटे बसविले, आणि त्याच वर्षीं १ जुलै रोजीं दिजों येथें झां-पिएर झाबुईनें त्यांना पहिला विजय मिळवून दिला. त्या यशाचें सारें श्रेय या एका बदलास देणें बरोबर होणार नाहीं. तरी शर्यतींतसुद्धां, जेथें अधिकांत अधिक शक्ति हाच धर्म मानला जातो, तेथेंहि शक्ति किती यापेक्षां ती केव्हां येते हें अधिक महत्त्वाचें ठरलें, ही गोष्ट ध्यानीं धरण्याजोगी आहे.

मग माणूस मोठ्या आंकड्यास कां भुलतो? आमच्या मतें याचें कारण असें, कीं आंकडा इतरांस सांगतां येतो. सुख सांगतां येत नाहीं. सहाशें अश्वशक्ति हा शब्द चारचौघांत उच्चारतां येतो. रोजच्या वाटेवर गाडी पायाच्या इशाऱ्यासरशी पुढें सरते, हें चालकावांचून कोणास कळणार? म्हणून जो क्षण वर्षांतून एकदां येईल किंवा येणारहि नाहीं, त्यासाठीं आपण उरलेले सारे क्षण गहाण टाकतों. पाहुण्यांसाठीं सजविलेल्या दिवाणखान्याशेजारीं स्वतः अंधाऱ्या खोलींत राहणाऱ्या गृहस्थाची हीच गोष्ट आहे.

यावर दोन पूर्वपक्ष संभवतात. पहिला असा, कीं पैसा ज्याचा, गाडी ज्याची, धोकाहि ज्याचा त्याचा. मग इतरांनीं नीति कां सांगावी? शर्यतीच्या मैदानापुरतें हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. तेथें जो उतरतो तो जाणूनबुजून उतरतो. पण रस्त्याची गोष्ट वेगळी. १९७५ च्या सुमारास आलेल्या पोर्शे ९११ टर्बोविषयीं अशी ख्याति होती, कीं वळणाच्या आरंभीं मागितलेली शक्ति वळणाच्या मध्यावर येऊन पोंहोंचे. आणि घाबरून पाय काढला कीं गाडीचें पिछाडीचें अंग फिरे. पावसाळ्यांत घाटाच्या वळणावर असें घडलें, तर समोरून येणाऱ्या कुटुंबाची संमति कोणी घेतली होती? आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें मूळ गाडींत नोंदणीशीं विसंगत फेरफार करण्यास मनाई केली आहे, हेंहि आम्हीं त्या तरुणास सांगितलें. परंतु कायद्याच्या धाकानें थांबणें वेगळें आणि दुसऱ्याचा जीव आपल्या हौसेच्या हिशोबांत धरून थांबणें वेगळें.

दुसरा पूर्वपक्ष अधिक चतुर आहे. विलंबाचा दोष शास्त्रानें दूर केला, मग नीतीचा प्रश्न उरतोच कोठें? याचें उत्तर १९८६ सालानें देऊन ठेविलें आहे. लान्सिया डेल्टा एस ४ या रॅलीच्या गाडींत सावकाश गतीसाठीं एंजिनानेंच फिरणारा हवादाबक आणि वेगासाठीं टर्बोचार्जर, अशी दुहेरी योजना होती. विलंबावर तो उत्तम तोडगा होता. त्या वर्षींच्या मे महिन्यांत कॉर्सिका बेटावरील रॅलींत हीच गाडी दरींत कोसळून पेटली आणि हेन्री तोइव्होनेन व त्याचा सहकारी सर्जियो क्रेस्टो दोघेहि मृत्युमुखीं पडले. आम्ही त्या अपघाताचा दोष टर्बोचार्जरच्या माथीं मारीत नाहीं. पण पुढील वर्षापासून त्या 'ग्रूप बी' वर्गाच्या गाड्याच त्या जागतिक स्पर्धेंतून काढून टाकण्यांत आल्या. यंत्र निर्दोष करीत नेलें म्हणजे 'कसें' या प्रश्नाचें उत्तर मिळतें. 'किती' हा प्रश्न जेथल्या तेथें राहतो. उलट 'कसें' जितकें सोपें होतें, तितकें 'किती' हें विचारण्याचें ओझें आपल्यावर अधिक पडतें.

शक्तीची इच्छा बाळगूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. जो शर्यतींत उतरणार त्यानें मोठा टर्बोचार्जर अवश्य घ्यावा. त्याच्या वाटेवर तोच योग्य. आमचें म्हणणें एवढेंच, कीं कोणता घ्यावा हें विचारण्यापूर्वीं मी कोण, माझी वाट कोणती आणि त्या वाटेवर आणखी कोण कोण चालतें, हें मनुष्यानें स्वतःस खरेंखरें सांगितलें पाहिजे. दुकानदारास खोटें सांगितलें तर फार तर पैसे जातात. स्वतःस खोटें सांगून घेतलेली वस्तु मात्र रोज सोबत बाळगावी लागते.

असो. त्या तरुणानें अखेर काय ठरविलें, हें अद्याप आम्हांस कळलें नाहीं. जातांना मात्र त्यानें खिशांतली पेन्सिल काढली, आणि आपण रोज कचेरींत जातों त्या वाटेवर एंजिनाचे मिनिटास किती फेरे होतात, तो आंकडा त्या दोन्ही नकाशांच्या कडेस लिहून घेतला. नकाशे घेऊन तो आला तेव्हां त्यांवर सारें कांहीं होतें. एवढाच एक आंकडा नव्हता.