रिकामें केलेलें आसन

विद्या ही स्वतः निर्दोष असते, असा सर्वसाधारण समज आहे. गणित शिकविणाऱ्यास कोणी विचारीत नाहीं कीं, तुमच्या विद्यार्थ्यानें पुढें त्या गणिताच्या बळावर कोणास बुडविलें. आणि गाणें शिकविणाऱ्यास तर एवढेंही कोणी विचारीत नाहीं. सूर आणि ताल यांत पाप कोठून येणार? परंतु ज्या देशांत राज्यच अन्यायावर उभें असतें, तेथें 'आम्ही केवळ संगीत शिकविलें' एवढें उत्तर शिक्षकास पुरतें काय? या प्रश्नाचा विचार जर्मनींतील नाझी अमदानींत, म्हणजे १९३३ पासून १९४५ पर्यंत, नांवारूपास आलेल्या एका संगीतशिक्षकाच्या चरित्रावरून करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

कार्ल ऑर्फ यांचा जन्म १८९५ सालीं म्यूनिक शहरीं झाला. १९२४ सालीं डोरोथे गुंथर या बाईंबरोबर त्यांनीं तेथें व्यायाम, नृत्य व संगीत यांची शाळा काढली. शाळा होती ती तरुण स्त्रियांस शिक्षिका करण्यासाठीं. पण तेथें जी पद्धति निघाली ती पुढें लहान मुलांच्या शाळांत जगभर पसरली. पद्धति साधी आहे. मुलापुढें प्रथम स्वरलिपीचें पुस्तक ठेवावयाचें नाहीं. त्यानें आधीं टाळ्या वाजवाव्या, पाय आपटावे, आपलें नांव व बडबडगीतें तालावर म्हणावीं, नाचावें. आणि मग काष्ठतरंगासारख्या सोप्या वाद्यावर स्वतःच्या मनानें एखादी चाल काढावी. गळा नाहीं म्हणून ज्या मुलास मागच्या बांकावर बसवितात, त्यालाही या वर्गांत काम मिळतें. ही पद्धति चांगली आहे याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं.

ही पद्धति ज्यांच्या नजरेस लवकर आली त्यांत लिओ केस्टेनबर्ग हे एक होते. प्रशिया प्रांताच्या शिक्षणखात्यांत १९१८ च्या अखेरीपासून संगीताचें काम त्यांच्याकडे होतें. शाळांतील संगीतशिक्षकास इतर शिक्षकांच्या बरोबरीचें शिक्षण व मान मिळावा, म्हणून त्यांनीं पुष्कळ खटपट केली. ऑर्फ यांची पद्धति बर्लिनच्या शाळांत वापरून पाहावी असा बेत त्यांनीं केला होता. पण केस्टेनबर्ग हे यहूदी होते, आणि समाजवादीही होते. १९३२ सालीं त्यांस खात्यांतून काढण्यांत आलें. १९३३ सालीं हिटलर सत्तेवर येतांच ते प्रागला निघून गेले, व तेथून १९३८ सालीं पॅलेस्टाइनला. बेत जागच्या जागीं राहिला. १९३३ च्या एप्रिलमध्यें नव्या सरकारनें कायदा करून यहूदी शिक्षकांस सरकारी नोकरींतून दूर केलें, आणि त्याच सालीं संगीताचें एक सरकारी मंडळ स्थापिलें. या मंडळाचा जो सभासद नाहीं त्यास संगीताचा व्यवसाय बंद. अशा रीतीनें शाळाशाळांतून व नाटकगृहांतून कितीएक आसनें रिकामीं झालीं. आमचा प्रश्न या रिकाम्या आसनांविषयींच आहे.

ऑर्फ हे नाझी पक्षाचे सभासद कधींच झाले नाहींत. पण त्यांचा उत्कर्ष त्या काळांतच झाला. १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक खेळांचा मोठा समारंभ सरकारनें आपल्या वैभवाची जाहिरात म्हणून केला. त्यांतील मुलांच्या नृत्यासाठीं ऑर्फ व त्यांच्या सहकारी गुनिल्ड केटमन यांनीं संगीत दिलें. १९३७ सालीं 'कार्मिना बुराना' ही त्यांची रचना फ्रांकफुर्ट येथें प्रथम झाली. नाझी टीकाकारांनीं आरंभीं तिच्यावर तोंडसुख घेतलें, तरी थोड्याच वर्षांत ती देशभर गाजली.

यापुढची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. फेलिक्स मेंडेल्सोन हे गेल्याच्या मागच्या शतकांतील थोर रचनाकार. जन्मानें यहूदी कुळांतले. लहानपणींच त्यांचा बाप्तिस्मा झाला होता. बाख यांचें विस्मरणांत गेलेलें मत्तयकृत दुःखसहनाचें संगीत १८२९ सालीं बर्लिन येथें पुन्हां उभें केलें तें यांनींच. आणि १८४३ सालीं लाइप्झिक येथें संगीताचें विद्यालय स्थापिलें तेंही यांनींच. शेक्सपिअरच्या 'मध्यग्रीष्मांतील रात्रीचें स्वप्न' या नाटकासाठीं त्यांनीं केलेलें संगीत सर्वतोमुखी झालें होतें. लग्न लागल्यावर वधूवर मंदिराबाहेर पडतांना जी चाल पुष्कळ ठिकाणीं वाजवितात, ती त्यांतलीच आहे. परंतु नाझी राज्यांत बाप्तिस्म्यास किंमत नव्हती, रक्तास होती. मेंडेल्सोन यांचें संगीत बंद पडलें, आणि नाटक तर लोकांस हवें होतें. तेव्हां फ्रांकफुर्ट शहरानें त्याच नाटकासाठीं नवें संगीत मागितलें. ऑर्फ यांनीं तें काम घेतलें, व १९३९ सालीं तें संगीत रंगभूमीवर आलें. ऑर्फ यांचें म्हणणें असें कीं, या नाटकासाठीं संगीत करण्याची इच्छा आपल्या मनांत १९१७ पासूनच होती. तें खरें असेल. पण इच्छा जुनी असली म्हणून संधि निर्दोष ठरत नाहीं.

एक साधें उदाहरण घेऊं. गांवांतील एखाद्या शेतकऱ्यास दांडग्या लोकांनीं मारहाण करून शेतावरून हुसकून दिलें. दुसऱ्या दिवशीं तेंच शेत त्यांनीं एका भल्या माणसास खंडानें देऊं केलें. या माणसानें काठी उचलली नाहीं, शिवी दिली नाहीं. तो कष्टाळू आहे, त्याच्या हातीं शेत चांगलें पिकेल. तो म्हणतो, 'मी नांगर धरला नाहीं तर दुसरा कोणी धरील.' तरीपण त्यानें पहिलें तास घातलें कीं गांव समजतें, आतां तो शेतकरी परत येणार नाहीं. दांडग्यांस मारहाणीनें जें साधलें नव्हतें तें या भल्या माणसाच्या नांगरानें साधलें. अन्यायी राज्यास केवळ क्रूर माणसांची गरज नसते. क्रूर माणसांनीं रिकामें केलेलें आसन भरून काढणाऱ्या गुणी माणसांचीही असते.

यावर कोणी म्हणेल, सुरक्षित जागीं बसून दुसऱ्याकडून हौतात्म्य मागणें सोपें आहे. हा आक्षेप खरा आहे, आणि ऑर्फ यांच्या बाबतींत तर त्यास वजन आहे. त्यांच्या आजीचें कूळ मूळचें यहूदी होतें. ही गोष्ट त्यांनीं लपवून ठेविली होती, आणि ती उघडकीस येण्याची धास्ती त्यांस होती. भ्यालेल्या माणसाचा न्याय करतांना हात आंखडता घ्यावा. परंतु हौतात्म्य आणि लाभ या दोहोंच्या मध्यें पुष्कळ मोकळी जमीन आहे. मेंडेल्सोन यांच्या जागीं नवें संगीत करण्यास हान्स फित्सनर यांनीं नकार दिला. फित्सनर हे यहूदी लोकांविषयीं द्वेषानें बोलणारे गृहस्थ. तरी त्यांस नाहीं म्हणतां आलें, आणि त्याबद्दल त्यांस कोणी फांसावर दिलें नाहीं. लाइप्झिकचे नगराध्यक्ष कार्ल गर्डेलर हे परदेशीं असतां १९३६ सालीं तेथील मेंडेल्सोन यांचा पुतळा रातोरात काढण्यांत आला. तो परत बसविला जात नाहीं असें पाहून त्यांनीं १९३७ सालीं पद सोडलें. म्हणजे नकार देणें कठीण होतें, पण अशक्य नव्हतें. प्राण द्या असें कोणी म्हणत नाहीं. एवढें एक काम घेऊं नका, इतकेंच सद्‌सद्विवेकबुद्धि म्हणत होती.

याच म्यूनिक शहरांत ऑर्फ यांचे मित्र प्राध्यापक कुर्ट हूबर राहत होते. ते विद्यापीठांत तत्त्वज्ञान व मानसशास्त्र शिकवीत, आणि बव्हेरियांतील लोकगीतांचे मोठे अभ्यासक होते. लहानपणच्या आजारानें ते पायानें अधू झाले होते. त्यांचेंही चरित्र अगदीं निष्कलंक नव्हतें. १९४० सालीं त्यांनीं नाझी पक्षाचें सभासदत्व घेतलें होतें. परंतु त्यांच्या व्याख्यानास 'श्वेत गुलाब' या गुप्त मंडळांतील विद्यार्थी येत. स्टालिनग्राड येथें जर्मन सैन्याचा संहार झाल्यावर या मंडळाचें सहावें पत्रक हूबर यांनीं लिहिलें. १८ फेब्रुवारी १९४३ रोजीं हान्स शोल व त्याची बहीण सोफी हीं दोघें तें पत्रक विद्यापीठांत वांटतांना पकडलीं गेलीं. चार दिवसांनीं त्यांचा शिरच्छेद झाला. हूबर यांस २७ फेब्रुवारीस पकडण्यांत आलें. विद्यापीठानें त्यांची पदवी काढून घेतली. १३ जुलै १९४३ रोजीं त्यांसही तीच शिक्षा झाली.

हूबर यांच्या पत्नीनें पुढें सांगितलें कीं, पतीस पकडल्याचें ऑर्फ यांस कळलें तेव्हां, आतां आपला नाश झाला, एवढेंच ते म्हणत राहिले. मदत कांहीं झाली नाहीं. याच्या शेजारीं दुसरी एक हकीकत ठेवावी. हान्स लाइपेल्ट या नांवाच्या रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थ्यानें हूबर यांच्या विधवेसाठीं वर्गणी गोळा केली. त्याची आई यहूदी कुळांतली, म्हणजे त्यास धोका ऑर्फ यांच्याहून कितीतरी अधिक. त्यानें तें पत्रकही पुढें पसरविलें होतें. त्यास पकडण्यांत आलें, आणि २९ जानेवारी १९४५ रोजीं त्याचाही वध झाला. गुरूचें शिकविणें खरें कोणास पोंचतें, हें वर्गाच्या हजेरीपुस्तकावरून कळत नाहीं.

युद्ध संपल्यावर हिशेबाचा दिवस आला. १९४६ सालीं अमेरिकन अधिकाऱ्यांनीं ऑर्फ यांची चौकशी केली, आणि त्यांस काळ्या व पांढऱ्या या दोहोंच्या मधल्या करड्या वर्गांत घालून काम करण्यास मोकळीक दिली. त्या अधिकाऱ्यांपैकीं एक ऑर्फ यांचाच जुना विद्यार्थी होता. त्यानें पुढें सांगितलें कीं, 'श्वेत गुलाब' मंडळाच्या स्थापनेंत आपला हात होता असें ऑर्फ आपणांस म्हणाले होते. या गोष्टीस कागदोपत्रीं आधार सांपडलेला नाहीं, व ते असें खरोखर बोलले कीं नाहीं याविषयीं इतिहासकारांत वाद आहे. १९४७ सालीं रंगभूमीवर आलेलें आपलें एक नाटक ऑर्फ यांनीं हूबर यांच्या स्मृतीस अर्पण केलें. त्यांत पश्चात्ताप किती व प्रेम किती, हें आम्ही सांगूं शकत नाहीं.

१९४८ पासून ऑर्फ यांचे मुलांसाठीं केलेले पाठ बव्हेरियाच्या नभोवाणीवर सुरू झाले. १९६१ सालीं साल्झबुर्ग येथें त्यांच्या पद्धतीचें विद्यालय निघालें. १९८२ सालीं ते वारले. अपंग व मंदगति मुलांसही या पद्धतीनें आनंद मिळाला आहे. मग काष्ठतरंग फेंकून द्यावे काय? मुळींच नाहीं. चांगली वस्तु कोणाच्याही हातून आली तरी चांगलीच. पण वस्तूचें चांगलेंपण दाखवून माणसाचा हिशेब फेडतां येत नाहीं. हीं दोन खातीं वेगळीं आहेत.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाचें आमचें उत्तर असें आहे. शिक्षक एकच विषय कधींही शिकवीत नाहीं. तो ताल शिकवितो, आणि त्याच वेळीं, आपल्या शेजारचा शिक्षक एके दिवशीं दिसेनासा झाला तर काय करावयाचें असतें, हेंही शिकवितो. मुलें दोन्ही धडे सारख्याच लक्षानें घेतात. आपल्यास नवें काम, मोठी जागा किंवा मान मिळतो तेव्हां ती जागा रिकामी कशी झाली, येथें आधीं कोण बसत होता, व तो कोठें गेला, एवढें विचारणें प्रत्येक शिक्षकास, पंचास, चाकरमान्यास शक्य आहे. त्यासाठीं शौर्य लागत नाहीं. लाभाच्या क्षणीं थोडें थांबावें लागतें, इतकेंच. हें न विचारतां जो बसला, त्यानें काठी उचलली नसली तरी काठीचें काम पुरें केलें, असें आम्हांस वाटतें.