पाहुणा काय मागतो?

केनियातलं नाकुरू सरोवर रोहित पक्ष्यांच्या गुलाबी थव्यांसाठी प्रसिद्ध, म्हणून जग तिकडं धावतं. आपल्या अमरावतीतल्या राजापेठेहून वडाळी किंवा छत्री तलाव असा किती लांब?

हिवाळ्यात विदर्भाच्या तलावांवर पट्टकादंब उतरतात, मध्य आशियातून, हिमालय ओलांडून. त्यांची ७,००० मीटरहून उंच उड्डाणं नोंदली गेली आहेत. एवढा प्रवास करून आलेला पाहुणा मागतो काय? थोडं पाणी, थोडी शांतता.

पक्षी अभ्यासक मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. पण पाहुणचाराला तारीख कशाला? एखाद्या पहाटे काठावर नुसतं गप्प बसा. पक्षी दिसेलच असं नाही. पण घाई न करता बघायची सवय माणसांमध्येही उपयोगी पडते.