न पेटलेल्या दिव्याचा पुरावा

सेसना १७२ मधला शिकाऊ वैमानिक मास्टर स्विच चालू करतो आणि तेलाच्या दाबाचा लाल दिवा पेटतो. नवख्याला धडकी भरते. पण इंजिन बंद, म्हणजे दाब नाही, तेव्हा दिवा लागायलाच हवा. काळजी करायची ती न लागला तर. इंजिन सुरू झाल्यावर मापकावर ३० सेकंदांत, कडाक्याच्या थंडीत त्याच्या दुप्पट वेळात, दाब दिसला नाही, की इंजिन लगेच बंद. तेलाविना बेअरिंगं घासून जातात.

आधी पेटलेला दिवा विझतो, तेव्हाच विझण्याला अर्थ येतो. एरवी अंधाराचे अर्थ दोन: सारं ठीक आहे, किंवा बल्ब गेला आहे.

नसण्याचं ज्ञान कसं होतं, हा प्रश्न भारतीय तत्त्वज्ञांनाही पडला होता. जमिनीवर घडा नाही, हे कळतं कशाने? कुमारिल भट्टांनी आणि पुढे अद्वैत्यांनी त्यासाठी ‘अनुपलब्धी’, म्हणजे न आढळणं, हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन, प्रमाण, मानलं. न्यायदर्शनाच्या पंडितांना, म्हणजे नैयायिकांना, ते पटलं नाही. अट मात्र दोघांनाही मान्य: घडा असता तर दिसलाच असता, अशी स्थिती हवी. काळोख्या खोलीत न दिसलेला घडा काहीच सिद्ध करत नाही. एअरबसच्या कॉकपिटमध्ये सारं सुरळीत असताना दिवे विझलेलेच असतात. म्हणून तर ते तपासायला वेगळा स्विच आहे.

२९ डिसेंबर १९७२ च्या रात्री मायामीला उतरू पाहणाऱ्या ईस्टर्न एअर लाइन्सच्या ट्रायस्टार विमानात पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागेना. चाक खाली आलेलं होतं. दिव्याचे दोन्ही बल्ब जळाले होते. सगळे त्या दिव्यामागे लागले. ऑटोपायलटने २००० फुटांची उंची सोडली, इशाऱ्याची घंटी वाजली, तिला कोणी दाद दिली नाही. विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत आदळलं, १०१ माणसं गेली. नुसते डोळे-कान शाबूत असून भागत नाही, मनही तिथे लागतं, हे नैयायिक पूर्वीपासून बजावत आले होते.

नैयायिक उदयनाचार्यांनी हजारेक वर्षांपूर्वी ‘न्यायकुसुमांजली’त ‘असता तर दिसलाच असता’ हीच अट ईश्वराच्या बाजूने उभी केली. तो दिसण्याजोगाच नाही, मग न दिसल्याने तो नाही असं कसं ठरेल? बिनतोड, पण दुधारी. हाच न्याय लावला तर संकट न येणं हा कृपेचा पुरावा कसा मानायचा? उदयनांना याची जाण असावी. ईश्वर सिद्ध करायला ते या युक्तिवादावर थांबत नाहीत. जग हे कार्य आहे आणि कार्याला कर्ता लागतो, असं वेगळं अनुमान ते मांडतात.