परक्या लेकराचे पालन आणि वेतन

खेड्यापाड्यांतून एक बोल वारंवार कानी पडतो. कोणा स्त्रीने मृत बहिणीचे किंवा शेजाऱ्याचे पोरके मूल घरी ठेवून घेतले, आणि त्याच्या पोटापाण्यासाठी सरकारातून दरमहा काही रक्कम येऊ लागली, म्हणजे लोक म्हणतात, "तिला कसली माया? पैसा मिळतो म्हणून सांभाळते." असे बोलणाऱ्यांत आपल्या मंडळ्यांतील माणसेही असतात. म्हणून हा प्रश्न नीट तोलून पाहणे अवश्य आहे, की परक्या लेकराच्या पालनासाठी द्रव्य घेतल्याने प्रीती बाटते काय? आणि त्याहून कठीण असा दुसरा प्रश्न हा, की द्रव्य दिल्याने आपणा सर्वांचे कर्तव्य संपते काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जी मुले अनाथ आहेत, किंवा ज्यांचे आईबाप दुर्धर रोग, तुरुंगवास अथवा अन्य संकट ह्यांमुळे त्यांस सांभाळू शकत नाहीत, ती कुटुंबातच वाढावी म्हणून महाराष्ट्रात बाल संगोपन योजना आहे. तिची मदत पूर्वी दर मुलामागे दरमहा ४२५ रुपये होती, पुढे ११०० झाली, आणि २०२३ साली २२५० करण्यात आली. त्याच वर्षी योजनेस क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले ह्यांचे नाव देण्यात आले. ते नाव तिला शोभते, कारण सावित्रीबाई व जोतीराव ह्यांनी एका ब्राह्मण विधवेच्या मुलास पोटचा मानून वाढविले, आणि तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानेही प्रतिपालक कुटुंबास राज्याने मासिक द्रव्य द्यावे असे ठरविले आहे. मुलास संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय समजावा, असे त्या कायद्याचे तत्त्व आहे.

पूर्वी हा भार बहुधा संस्थांवर असे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्यप्रांतात आल्या. आपला वर्धा जिल्हा त्या वेळी त्याच प्रांतात होता. तेथील निराधार मुलींस व विधवांस त्यांनी सोबत नेले, आणि केडगावी त्यांस आश्रय मिळाला. पुढे ठिकठिकाणी अनाथाश्रम व वसतिगृहे चालली. वसतिगृहाच्या मेट्रनबाईस पगार मिळतो. तिची माया त्यामुळे खोटी आहे, असे आजवर कोणी म्हटले आहे काय? मग तेच काम मजुरी करणारी मावशी किंवा आत्या आपल्या झोपडीत करील, तर तिच्याच मायेविषयी संशय का घ्यावा?

मोशेच्या जन्माची कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. फारोच्या कन्येने नदीतील ते बाळ त्याच्या सख्ख्या आईच्याच हाती पालनासाठी दिले, आणि त्याबद्दल वेतन कबूल केले. मातेने ते वेतन नाकारले असे शास्त्र सांगत नाही. ती गुलामांच्या जातीतील स्त्री होती. त्या वेतनाने तिची माया विकत घेतली नाही, कारण ती आधीच होती. वेतनाने तिला वेळ मिळाला असावा. राबणाऱ्या स्त्रीस बाळाजवळ बसण्याची सवड मिळणे ही लहान देणगी नव्हे.

कोणी म्हणेल, लोभापायी मूल घेणारी घरेही असतात. मुलाचे पैसे घ्यावे, त्यास शिळेपाके घालावे, आणि शाळेऐवजी शेळ्यांमागे धाडावे, असे घडते. ही शंका रास्त आहे. म्हणूनच बाल कल्याण समितीने प्रतिपालक कुटुंबाची दरमहा तपासणी करावी, आणि पालन नीट नसेल तर मुलास तेथून काढावे, असे कायदा सांगतो. परंतु लोभी घर वेगळे आणि थकलेले घर वेगळे. दोहोंस एकच दोष लावणे हा अन्याय होय.

थकलेले घर कसे असते ते पाहा. समजा, देवळी किंवा हिंगणघाटाकडील एका खेड्यात विधवा मावशीने तीन वर्षांचा भाचा ठेवून घेतला आहे. २२५० रुपये म्हणजे दिवसाला ७५ रुपये. एवढ्यावर घर चालत नाही, म्हणून तिला वावरात जावेच लागते. कापसाची वेचणी किलोवर असते. जितका वेचावा तितका दाम. जेथे फवारणी होते तेथे लेकरू नेता येत नाही. शेवटी ती आपल्या नऊ वर्षांच्या मुलीस शाळेतून घरी ठेवते. अशा रीतीने एका लेकराचे पालन दुसऱ्या लेकराच्या शिक्षणातून वजा होते, आणि हा हिशेब कोणाच्याही वहीत लिहिला जात नाही.

लेकरू राखणे हे श्रम आहेत, ही गोष्ट राज्याने पूर्वीच मान्य केली आहे. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद होती, की कामावर सहा वर्षांखालील पाच मुले आली तर एका स्त्रीस त्यांच्या राखणीस बसवावे, आणि तिला मजुरी द्यावी. २०२२ पासून केंद्राच्या पाळणा योजनेत सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अंगणवाडीसोबत पाळणाघर चालविण्याची सोय आहे. संगोपनाचे द्रव्य एका योजनेतून येते आणि पाळणाघर दुसऱ्या. दोन्ही त्या मावशीच्या दारी पोहोचतील तेव्हाच तिचे साहाय्य पुरे होईल.

तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे, की मायेने घेतलेले मूल वेतनाने परके होत नाही. दुसऱ्याचे उत्तर आपल्या अंगावर येते. आपल्या गावी असे मूल असेल, तर उपदेशकाने त्या घरचा अर्ज लिहून द्यावा, आणि त्यांस वर्ध्यास जिल्हा बाल संरक्षण कक्षात घेऊन जावे. ग्रामसभेत पाळणाघराची मागणी करावी. आणि पाळणाघर होईपर्यंत वेचणीच्या दिवसांत शेजारच्या घरांनी पाळीपाळीने ते लेकरू राखावे, म्हणजे ती नऊ वर्षांची मुलगी उद्या सकाळी शाळेत जाईल. "पैसा मिळतो म्हणून सांभाळते" असे जो म्हणतो, त्याने पहिली पाळी आपली धरावी.