एकच एजंट, दोघांची अवजारे

भिलाईच्या सेक्टर १० मध्ये एक निवृत्त फोरमन राहत होते. मूळचे नागपूरकडचे, पण सारी नोकरी पोलाद कारखान्याच्या देखभाल विभागात झाली आणि ते इथलेच होऊन गेले. सोव्हिएत रशियाच्या मदतीने हा कारखाना उभारण्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. फोरमन त्यानंतर बऱ्याच वर्षांनी कामाला लागले, तरी रशियन यंत्रांचे जुने नकाशे त्यांच्या हाताखालून गेले होते. झोतभट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. तिथे काम करणारा माणूस मापकावर आणि लिहिलेल्या सूचनेवरच जगतो, हे त्यांच्या अंगात भिनले होते.

त्यांचा नातू आणि धाकटी नात दोघेही सॉफ्टवेअरमध्ये. कंप्रेसर बनवणाऱ्या एका कंपनीने दोघांना एकच काम दिले. कंपनीची देखभाल-पुस्तिका शेकडो पानांची होती. यंत्रात बदल व्हायचे आणि पुस्तिका मागे राहायची. ती अद्ययावत ठेवायला कंपनीने एआय एजंट घेतला होता. पण एजंट आपण होऊन कुठल्याही फाइलला हात लावू शकत नाही. आपण जी अवजारे त्याला देऊ, तेवढीच तो वापरतो. ती अवजारे बनवायची होती.

नातवाने एकच अवजार बनवले : पान घ्या, नवे लिहा, जुन्याच्या जागी ठेवा. नातीने चार बनवली : वाचा, शोधा, बदल सुचवा, प्रश्न विचारा. बदल सुचवताना जुनी ओळ जशीच्या तशी द्यायची, नवी ओळ तिच्याखाली, आणि बदलाचे कारण कुठल्या पत्रात आहे तेही लिहायचे. पुस्तिकेत बदल उतरायचा तो मात्र माणसाची सही झाल्यावरच.

परीक्षेचा दिवस आला. कंपनीचे पत्र होते : नव्या कंप्रेसरमध्ये ४६ ग्रेडच्या तेलाऐवजी ६८ ग्रेडचे तेल घालावे.

नातवाच्या एजंटने पाहता पाहता काम उरकले. पाने सुबक झाली, भाषा सुटसुटीत झाली. नातीच्या एजंटला मात्र अवजाराने अडवले : “ही ओळ दोन ठिकाणी सापडली, भाग ४ आणि भाग ९. कुठली बदलायची ते ठरवा.” एजंटने दोन्ही भाग वाचले, भाग ४ मधला बदल सुचवला आणि एक प्रश्न ठेवला : “भाग ९ जुन्या कंप्रेसरचा आहे. पत्र फक्त नव्याबद्दल आहे. तिथे ४६ च राहू द्यावे का?”

“आजोबा, माझं काम पूर्ण झालं. हिचं अजून अडकलेलंच आहे,” नातू म्हणाला.

आजोबांनी पुस्तिकेची जुनी आणि नवी पाने छापून मागितली. चष्मा लावला, फूटपट्टी घेतली आणि एकेक ओळ जुळवत बसले. बऱ्याच वेळाने फूटपट्टी भाग ९ वर थांबली.

“इथे तेलाची ग्रेड बदलली. जुन्या यंत्राचं तेल बदलायला कुणी सांगितलं होतं? आणि इथली एक ओळ कुठे गेली? ‘झाकण उघडण्यापूर्वी दाबमापकाचा काटा शून्यावर आल्याची खात्री करा.’”

नातवाने पाहिले. “ती भाग ४ मध्ये आहेच, आजोबा. पुनरुक्ती म्हणून एजंटने काढली असेल.”

“अरे, यंत्रापाशी उभा असलेला फिटर पुस्तिका पहिल्या पानापासून वाचत नाही. तेलकट हातानं हवं तेच पान उघडतो. भाग ९ उघडणाऱ्याला भाग ४ दिसणार आहे का? ती ओळ दोनदा लिहिली, कारण माणूस तिथे दोनदा मरू शकतो.”

नातू गप्प झाला. मग म्हणाला, “म्हणजे हिचा एजंट जास्त हुशार निघाला.”

“नाही दादा,” नात म्हणाली, “एजंट एकच आहे. तुझाही तोच, माझाही तोच.”

आजोबांनी कपाटातून एक जुना नकाशा काढला. त्याच्या कोपऱ्यात एक चौकट होती : फेरबदलाचा क्रमांक, तारीख, काय बदलले आणि सही. “नकाशा कितीही मोठ्या इंजिनिअरचा असो, ही चौकट भरल्याशिवाय त्यात रेघ बदलत नसे. आम्ही इंजिनिअरवर अविश्वास दाखवत होतो, असं नाही. उद्या कुणी विचारलं, की ही रेघ का बदलली, तर उत्तर कागदावर हवं, म्हणून. तू एजंटला पान पुन्हा लिहायला दिलंस, त्यानं पान पुन्हा लिहिलं. त्याचं काही चुकलं नाही. हिनं एक ओळ बदलायला दिली, आणि अडला तर विचारायची सोय ठेवली. शिवाय हिचं अवजार नुसतं ‘नाही’ म्हणालं नाही. कुठे अडलं आणि पुढे काय करायचं, तेही सांगितलं. म्हणून त्याला विचार करता आला.”

मग ते नातीकडे वळले. “पण पोरी, तूही जप. चाळीस बदल एकदम सहीला पाठवलेस, तर माणूस न वाचता सही करतो. थोडे पाठव, एका कारणाचे एकत्र पाठव, आणि जिवाशी गाठ असलेली ओळ सगळ्यांत वर ठेव.”

भावंडांनी दोघांचीही अवजारे मोडून एक नवा संच बनवला. त्यात सूचना काढून टाकण्याचे अवजार ठेवलेच नाही. काढायची असेल, तर एजंटने तसे सुचवावे आणि माणसाने ठरवावे. आधीचे प्रत्येक पान तारखेसह जपून ठेवायची सोय केली, म्हणजे चूक झालीच, तर मागे फिरता येईल. कंपनीने तोच संच घेतला.

तात्पर्य : हुशार मदतनिसाच्या हाती काम सोपवताना त्याची हुशारी मोजत बसू नये, त्याला दिलेले अवजार आधी तपासावे. चांगले अवजार ते, जे मागितले तेवढेच बदलू देते, शंका आली की थांबून विचारू देते, आणि शेवटची सही माणसाकडे ठेवते.