आडनाव बघून निवाडा

उभे राहा दोघंही. एकानं निबंधात लिहिलंय, सगळे ज्यू एकाच माळेचे मणी. दुसऱ्यानं लिहिलंय, ज्यू असून इस्रायलच्या विरोधात बोलतात ते विकले गेलेले. पहिलं खरं असतं तर दुसऱ्याच्या निबंधातले लोक आले कुठून? एका बाकावर बसता, एवढंही एकमेकांना विचारलं नाहीत?

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा घडाघडा म्हणता ना? तो माँटेग्यू ज्यू होता. भारतमंत्री असताना 1917 मध्ये त्यानं ब्रिटिश सरकारात राहून बाल्फोर जाहीरनाम्याला, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंना घर देण्याच्या वचनाला, कडाडून विरोध केला. पॅलेस्टाइन ज्यूंचा देश ठरला तर इंग्लंडात जन्मलेला ज्यू इंग्लंडलाच परका होईल, ही त्याची भीती. तो कुणाला विकला गेला होता, सांगा की.

आणि लांब कशाला, आपल्या कोकणातले बेने इस्रायल घ्या. घाण्यावर तेल काढायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. आडनावं पेणकर, रोहेकर, चेऊलकर. आडनावावरून तुम्हाला ते ज्यू आहेत हेसुद्धा कळलं नसतं. इस्रायलला गेले, तिथं रंगावरून दुजाभाव झाला, तेव्हा काहींनी तेल अवीवमध्ये ठिय्या दिला आणि 1952 मध्ये मायदेशी परतले. पुढं तिथल्या धर्मपीठानं फर्मान काढलं, लग्नाआधी यांच्या आईकडच्या पिढ्या तपासा. पुन्हा आंदोलन पेटलं. अखेर ऑगस्ट 1964 मध्ये तिथल्या संसदेला सांगावं लागलं की हे पूर्ण ज्यू आहेत. हे भांडण पॅलेस्टिनींसाठी नव्हतं, स्वतःच्या मानासाठी होतं. उगाच सरमिसळ करू नका. पण म्हणून ते फितूर झाले का?

ऑक्टोबर 2023 मध्ये गाझातलं युद्ध थांबवा म्हणत, ‘आमच्या नावानं नको’ असं छापलेले शर्ट घालून अमेरिकेतले ज्यू वॉशिंग्टनला संसदेच्या कार्यालयीन इमारतीत बसले. शेकडोंना अटक झाली. महिनाभरात त्याच शहरात इस्रायलच्या बाजूनं प्रचंड मोर्चा निघाला. हमासनं आमची माणसं मारली, ओलीस नेली, आणि तुम्ही आमच्याकडंच बोट दाखवता, हा त्या बाजूचा संताप. तोही खोटा नाही. खरा वाद इथं आहे, आणि तुमच्या निबंधात त्याचं एक वाक्य नाही. नुसत्या शिव्या, त्याही मोबाइलवरून उतरवलेल्या!

आडनावावरून जात बघतात म्हणून आपल्या बीडमध्ये 2025 ला पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढायची वेळ आली. ती खोड अजून गेली नाही, आणि जगाचा निवाडा करायला निघालात.

सोमवारी पुन्हा लिहून आणायचं. ज्याला जी बाजू खुपते, त्यानं ती मांडायची. एक जरी शिवी दिसली, तर वहीसकट वर्गाबाहेर.