एकाच नावाचं कार्ड

वसईत निर्मळच्या बाजूला, केळी-मोगऱ्याच्या वाड्यांमध्ये दोन घरं शेजारी-शेजारी आहेत. एकाच आजोबांच्या नातवांची. मधे बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, आणि त्याच्या कडेने दोन्ही अंगणं जोडणारी पायवाट. बावखलाचा बांध कुणाचा आणि किती फूट, यावरून वाद झाला आणि पायवाटेवर काटेरी तार आली. आधी मोठी माणसं बोलेनाशी झाली, मग त्यांचं पाहून लहानही.

अलीकडच्या घरातली धाकटी सातवीत होती. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी चर्चमधून आल्या-आल्या तिने घरात जाहीर केलं, यंदा नाताळची कार्डं विकत आणायची नाहीत आणि मोबाइलवरची चित्रंही पुढे ढकलायची नाहीत. क्रॉस स्टिचची कार्डं हाताने करायची. वहीच्या पानावर तिने 20 नावं लिहिली: मैत्रिणी, बाई, कॅनडातला मामा, आत्या.

आजीने यादी वाचली. "आधी एक कर," एवढंच म्हणाली.

क्रॉस स्टिच, आपल्याकडे जुन्या बायका ज्याला फुलीचा टाका म्हणतात, दिसायला अगदी सोपा. कापडाच्या चौकोनी घरांवर एक तिरपा टाका, त्यावर दुसरा तिरपा टाका, झाली फुली. धाकटी तो शिकली होती ती तारेपलीकडच्या घराच्या पडवीत, तार लागण्याआधीच्या एका मे महिन्यात. शिकवलं काकीने. काकीच्या घरातल्या उशांचे अभ्रे आणि टेबलावरचे रुमाल गावात नावाजलेले. तिचे नियम धाकटीला तोंडपाठ होते. कापडाची घडी चारपदरी करून मध्य काढायचा आणि तिथूनच सुरुवात करायची, कोपऱ्यातून केली तर नक्षी कापडाबाहेर जाते. सुई बोथट टोकाची घ्यायची. लडीचा दोरा सहापदरी असतो, त्यातले दोनच पदर ओवायचे. गाठ मारायची नाही, दोऱ्याचं शेपूट मागे धरून पहिल्या चार-पाच टाक्यांखाली दाबायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: फुलीचा वरचा टाका प्रत्येक वेळी एकाच दिशेला झुकला पाहिजे. एकही उलटा पडला की त्याच्यावर उजेड वेगळा पडतो.

धाकटीने ग्राफ पेपरवर नाताळची चांदणी काढली, 42 घरं रुंद, 42 घरं उंच. इंचाला 14 घरं असलेल्या कापडावर ती बरोबर 3 इंचांची होत होती. भरायच्या फुल्या मोजल्या तर सुमारे 700 निघाल्या. तासाभरात तिच्या 80 फुल्या होत. वीस कार्डांच्या 14,000 फुल्या. रोज तासभर बसली तरी जवळपास सहा महिने लागले असते. तरी तिने यादी फाडली नाही. मुलांना हिशेब कळतो, पण तो आपल्याला लागू आहे हे कळायला वेळ लागतो. शिवाय एका संध्याकाळी एक घर मोजायचं चुकलं. चांदणीचा एक हात सरकला आणि दोन दिवसांचं काम उसवावं लागलं. स्नेहसंमेलनाच्या तालमी होत्याच. चांदणी पुरी झाली तेव्हा डिसेंबरची 18 तारीख होती.

त्याच आठवड्यात वर्गात बाईंनी पहिल्या छापील नाताळ-कार्डाची गोष्ट सांगितली. इंग्लंडमध्ये 1840 साली एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं. त्या सुधारणेत हेन्री कोल याचाही हात होता. पत्रं इतकी वाढली की नाताळात उत्तरं लिहायला त्यालाच सवड होईना. म्हणून 1843 साली त्याने चित्रकार जॉन कॉलकॉट हॉर्सली याच्याकडून चित्र काढून घेतलं आणि हजारभर कार्डं छापली. मधे मेजवानीला बसलेलं कुटुंब, दोन्ही अंगांना भुकेल्यांना अन्न आणि उघड्यांना वस्त्र देणारी माणसं. शुभेच्छा छापलेलीच होती. कोऱ्या जागा दोनच: कुणास आणि कुणाकडून.

मला या गोष्टीत कोलचं काही चुकलंसं वाटत नाही. कामाच्या माणसाने वेळ वाचवला आणि ज्यांना एरवी काहीच पोचलं नसतं त्यांनाही शुभेच्छा पोचल्या. पण धाकटीच्या मनात राहिल्या त्या दोन कोऱ्या जागा.

घरी येऊन ती यादी घेऊन बसली. मैत्रिणी एकमेकींना कार्डं देणारच होत्या. बाईंच्या टेबलावर तर ढीग लागतो. मामा कार्ड बघून छान म्हणेल आणि फ्रिजला लावेल. 700 फुल्यांचे वरचे टाके एकाच दिशेला झुकलेत हे यांतल्या कुणाच्या लक्षात येणार होतं? ते कार्ड वाचता येईल असं एकच माणूस तिला माहीत होतं, आणि त्याचं नाव यादीत नव्हतं.

आजीला सांगितलं. आजी म्हणाली, "आईला विचार."

आई भाजी चिरत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दे. पण 'कुणाकडून'च्या जागी फक्त तुझं नाव लिही."

धाकटीने कापड टॉवेलवर उलटं ठेवून इस्त्री केली. जाड कागदाचे तीन भाग दुमडले, मधल्या भागात खिडकी कापली, कापड आतून चिकटपट्टीने लावलं आणि तिसरा भाग मागून मिटला. 23 तारखेला ती रस्त्याने वळसा घालून काकीच्या दारात उभी राहिली.

काकीने कार्ड हातात घेतलं, उजेडाकडे नेलं, थोडं तिरपं धरलं. शेवटी म्हणाली, "खालच्या टोकाला एक फुली उलटी आहे."

धाकटीचा चेहरा उतरला.

"मागची पट्टी सुटते का बघ. सुई आणते मी."

दोघी पडवीत बसल्या. काकीने स्वतः टाका घातला नाही, धाकटीकडूनच घालून घेतला. ती मान खाली घालून उसवत असताना काकीने विचारलं, "आजीचे गुडघे कसे आहेत?" तार लागल्यापासून त्या घराची चौकशी पहिल्यांदाच झाली होती. मग आईच्या पाठदुखीची झाली, वाडीतल्या केळीची झाली. निघताना काकीने केकचा डबा हातात दिला. 'कुणाकडून'च्या जागी एकच नाव आहे हे तिने पाहिलं होतं, पण त्याबद्दल ती काही बोलली नाही.

आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. दुसऱ्या दिवशी आईने त्यात करंज्या भरल्या. धाकटीला हाक मारायला तोंड उघडलं, मग स्वतःच चपला घातल्या. मध्यरात्रीच्या मिस्साला दोन्ही घरं एकाच रिक्षातून गेली.

बांधाचा वाद अजून मिटलेला नाही. जमिनीची मोजणी व्हायची आहे, आणि तिच्यात जे निघेल ते दोन्ही घरांना मानावं लागेल. मात्र मोजणीच्या दिवशी सगळ्यांचा चहा काकीकडे करायचा, हे ठरलेलं आहे.